खुलासा : कोन फिल्टरने ताकद २५ टक्के वाढत नाही

‘छोट्या गाडीला कोन (शंकूच्या आकाराचा) एअर फिल्टर आणि जाड सायलेन्सर बसवा, ताकद २५ टक्के वाढते’ असा मेसेज फिरतोय. टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाबाबत हे खरं नाही.

कंपनीचा फिल्टर डबा बहुतेक गाड्यांत ग्रिलजवळून, बाहेरची थंड हवा घेतो. तो काढून उघडा कोन लावला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतं. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता साधारण ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे ऑक्सिजन कमी, ताकदही कमी. वाढतो तो आवाज, आणि कान फसतात! सायलेन्सरच्या जाड पाइपने तर कमी आरपीएमवरचा (इंजिन हळू फिरत असतानाचा) टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, बऱ्याचदा पडतो. सिग्नलवरून निघताना नेमका तोच लागतो.

टर्बो गाडीची गोष्ट वेगळी. तिथे रीमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवून खरोखर ताकद मिळते, पण क्लच, गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो.

हाय ऑक्टेन पेट्रोलनेही ताकद वाढेलच असं नाही. ते नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, रोखतं. साध्या पेट्रोलसाठी ट्यून केलेल्या इंजिनात फारसा फरक पडत नाही.