स्कॅनरवर पी०७०० हा कोड बघून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलणाऱ्यांनो, जरा थांबा!

आज पुन्हा तेच. गाडी तिसऱ्यात अडकलेली, चेक इंजिनचा दिवा पेटलेला, आणि सोबत आधीच्या गॅरेजची चिठ्ठी: ‘पी०७००. गिअरबॉक्स ओव्हरहॉल. ९५,०००.’ अहो, पी०७०० हा दोषच नाही! टीसीएममध्ये (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये) कोड पडलाय, तिकडे बघा, एवढंच ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सांगतोय. शिपायाने आतल्या साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं आणि हे बाहेरूनच निकाल घेऊन घरी! पाचशेचा निळा डोंगल, म्हणजे स्वस्तातला कोड-रीडर, बहुतेकदा त्या केबिनपर्यंत पोचतच नाही, हेही ह्यांना सांगायचं.

एवढं सोसलं असतं. पण त्या महाभागाने कोड क्लिअर केला. फ्रीझ फ्रेम गेली! कोड पडला तेव्हा वेग किती, आरपीएम किती, इंजिन थंड की गरम, सगळं साफ. पंचनाम्याआधीच फरशी पुसली. वर त्याच झपाट्यात अ‍ॅडाप्टेशनही रिसेट. क्लचचं शिकलेलं प्रेशर विसरलेला बॉक्स आता दर गिअरला धक्का मारतो, आणि मालकाला वाटतं, गेलाच बॉक्स.

टीसीएममध्ये निघालं काय? पी०७२०, आउटपुट स्पीड सेन्सर. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात टर्बाइन स्पीड (बॉक्समध्ये येणारा वेग), आउटपुट स्पीड (बाहेर चाकांकडे जाणारा) आणि कमांडेड गिअर (टीसीएमने मागितलेला) एकत्र लावायचे आणि गाडी चालवायची. चाळिशीला आउटपुट एकदम शून्य, टर्बाइन सुरळीत. धावत्या गाडीचा शाफ्ट क्षणात थांबतो होय? सिग्नल तुटतोय, दुसरं काय! सेन्सरच्या वायरचा कपलर हलवला की आकडा परत. पिन सैल, आत एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, झिरपलेलं. क्लच खरंच घसरत असता तर गुणोत्तर बिघडलं असतं: १:१ च्या गिअरला आउटपुट २०००, टर्बाइन २४००, आणि कोड पी०७३० च्या, म्हणजे चुकलेल्या गुणोत्तराच्या, घरातला.

आणि बॅटरी? स्कॅनरआधी मल्टीमीटर लावायला काय जातं? व्होल्टेज पडलं की यू-कोडांची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसल्याच्या कोडांची, जत्रा भरते, मग मॉड्यूल बदला म्हणे. सोलेनॉइडचा (बॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या तेलाच्या व्हॉल्व्हचा) कोड आला की वायरिंग न तपासता सोलेनॉइड बदला. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सची लेव्हल तर डोळे मिटून. अरे, एटीएफचं तापमान स्कॅनरवर दिसतं, ते मॅन्युअलच्या मर्यादेत असताना, इंजिन चालू ठेवून लेव्हलचा प्लग उघडायचा असतो! फार गरम असताना उघडला तर फुगलेलं तेल जास्त वाहून जातं आणि बॉक्स उपाशी. ‘लाइफटाइम ऑइल’ (म्हणे तेल कधी बदलायलाच नको) ह्या शब्दावर तर बोलायलाच नको.

असो. इतकी आगपाखड करणाऱ्याच्याही ड्रॉवरमध्ये तोच निळा डोंगल आहे, आणि तो कधीच पहिल्या झटक्यात कनेक्ट होत नाही.

पण ती चिठ्ठी खालपर्यंत वाचली आणि पुन्हा डोकं फिरलं: ‘स्कॅनिंग ५००, कोड क्लिअरिंग ३००.’ पुसायचेही पैसे!