दिसू नये, पण सापडावी

जुन्या घराचं वायरिंग नव्यानं करायला काढलं की वायर कुठली घ्यायची यावर घरात कुणाचं काही म्हणणं नसतं. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींच्या स्विचांची मुख्य पेटी, कुठं बसवायची म्हटलं की मात्र झाडून सगळे तज्ज्ञ होतात. हॉलमध्ये नको, पाहुणे येतात. देवघराच्या भिंतीवर तर नकोच. शेवटी एकमत होतं ते दाराच्या वर, साडेसात फुटांवर. तिथं ती दिसत नाही आणि रात्री ट्रिप झाल्यावर हातही पोचत नाही. मग स्टूल लागतं, मोबाइलचा टॉर्च लागतो आणि सूचना देणारी तीन माणसं लागतात. ती आपोआप जमतात.

वास्तूवाले आग्नेय कोपरा दाखवतात. वीज म्हणजे अग्नी, हिशेब बरोबर. पण त्याच हिशेबानं स्वयंपाकघरही तिथंच असतं, आणि शेगडीच्या किंवा सिंकच्या वर डीबी नको, असं वायरिंगचे नियम सांगतात. मी नियमांच्या बाजूचा. फोडणीचा तेलकट धूर दिशा विचारून जात नाही.

जागा शोधायला मीटरपासून निघावं. मीटर ते डीबी ही केबल जितकी आखूड तितकी बरी, कारण डीबीतल्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) फक्त पुढच्या वायरी सांभाळतात, मागची नाही. म्हणजे मुख्य दाराजवळची, आतली, कोरडी भिंत. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते आणि गणपती गेले तरी ओल सोडत नाही. पेटीची खालची कड साडेचार फुटांवर, वरची दोन मीटरच्या आत. समोर मीटरभर मोकळं, म्हणजे चपलांचं कपाट हलवायचं. (खरं भांडण इथं होतं.)

आता भिंत. वाड्याची दोन फुटी भिंत बघून वायरमन खूश होतो, पण गिलाव्यामागं मातीतलं बांधकाम निघतं. छिन्नी एक वीट मागते, भिंत हातभर देते. उलट आतली पार्टिशनची भिंत साडेचार इंची. तिच्यात चार इंच खोल पेटी गाडायला गेलं की शेजारच्या खोलीत उजेड पडतो. तिथं हट्ट सोडून सरफेस, म्हणजे भिंतीवरच बसणारी, डीबी लावावी. गाडायचीच तर कड तयार गिलाव्याशी सपाट हवी. जुना गिलावा कुठं अर्धा इंच, कुठं दीड; पेटी आत गेली की दार पुरतं उघडत नाही. गिलाव्याआधी पेटीत वर्तमानपत्र कोंबावं, नाहीतर सिमेंट एमसीबी बसायच्या आतल्या रेलवर जाऊन बसतं.

माप मोठंच घ्यावं. दिवे-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि 10 अँपिअरची एमसीबी, पॉवर प्लगला अडीच आणि 16, गीझर-एसीला चार आणि 20, प्रत्येकाची वेगळी. सात-आठ सर्किटं होतात, तेव्हा 12 वे, म्हणजे 12 खणांची पेटी.

डीबी बसली, आणि शॉकपासून वाचवणारा तिच्यातला स्विच, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, काही टिकत नाही, सारखी पडते. ती फक्त गेलेला करंट तितकाच परत येतोय का बघते. जुनी एखादी लाइन तशीच ठेवलेली असते, तिचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) भलत्याच बोर्डातून घेतलेला. किंवा इन्व्हर्टरवाला त्याला सोयीचा न्यूट्रल उचलतो. हिशेब जुळत नाही, आरसीसीबीबाई खाली पडतात. वायरमनचं निदान ठरलेलं: "साहेब, ही खराब आहे, डायरेक्ट करून देतो." द्यायचं नाही. एकेक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही काढून बघायला लावायचं; नुसती एमसीबी पाडून न्यूट्रलचा दोष कळत नाही.

अर्थिंगची आणखी मजा. जुन्या घरात ते नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं असतं. मधे कधीतरी तिथं प्लास्टिकचा पाइप आला की अर्थिंग संपलं. प्लंबर सांगत नाही, वायरमन विचारत नाही. नवा अर्थिंगचा खड्डा घेऊन तिथून सलग तार डीबीत आणायची.

मग नावं लिहायची. वायरमन पेन्सिलीनं 'बे. पॉ.' लिहितो, ती बेडरूम की बेसिन, हे त्यालाही महिन्यानं सांगता येत नाही. पूर्ण नावं लिहून दाराच्या आतून चिकटवावीत, तीही रंगारी गेल्यावर. आणि आरसीसीबीवरचं 'टी', म्हणजे टेस्टचं, बटण अधूनमधून दाबून बघावं, मालिकेची वेळ सोडून.