सफरचंदं, बादरायण संबंध आणि टेबलाची कड

फ्रेंच चित्रकार सेझानच्या एका चित्रावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी झोंबली, मग अर्धी पटली. ‘फळं म्हणजे फळं. टेबल धड जमलं नाही, बाटली कलंडली, आणि तुम्ही त्यात पाप, मृत्यू, काळ सगळं कोंबताय’, असं तुम्ही म्हणता. सेझानच्या ‘सफरचंदांची टोपली’बद्दल (सुमारे १८९३, आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये) मी जे लिहिलं, त्यातला पाप-मृत्यूचा परिच्छेद मागे घेतो. तो बादरायण संबंधच होता. सफरचंद दिसलं की आदम आणि हव्वा आठवतात, पण ते माझ्या डोक्यात. कॅनव्हासवर त्याचा मागमूस नाही. इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या फळांच्या टोपलीत (सुमारे १५९९) सफरचंदाला कीड लागलेली आहे, पानं वाळून गुंडाळलेली आहेत. तिथे नाशाबद्दल बोलायला चित्रच पुरावा देतं. सेझानची फळं मात्र ठणठणीत आहेत. गंमत म्हणजे तो इतका सावकाश रंगवायचा, की समोर मांडलेली खरी फळं सडून जात!

टेबलाच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही.

टेबलाची कापडाच्या डावीकडची कड आणि उजवीकडची कड एका रेषेत येत नाही, हे खरं. पण तेवढंच नाही. टोपली ठोकळ्यावर टेकवून पुढे कलती केली आहे, बाटली तिरपी आहे, बशीतली वरची बिस्किटं खालच्यांपेक्षा वेगळ्याच कोनातून दिसतात. हात चुकला असता तर एखाद्या ठिकाणी चुकला असता. इथे प्रत्येक वस्तू जणू थोडी जागा बदलून पाहिलेली आहे. आपणही टेबलापाशी उभे राहून असंच बघतो की. मान हलते, नजर फिरते. आणि हे चित्र त्याने सही करून १८९५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात मांडलं. सही तो क्वचितच करायचा. फसलेल्या कामावर कशाला करेल?

रंगांवर मी फार कमी लिहिलं, ती खरी चूक. तुम्ही त्यावरून झोडपायला हवं होतं. फळाचा गोलावा त्याने नुसत्या काळ्या सावलीवर सोडलेला नाही. लाल, त्याला लागून नारिंगी, पिवळा, मग हिरवट, असे ठिगळासारखे फटकारे. उष्ण रंग पुढे येतात, थंड मागे सरतात, आणि फळ हातात धरावं इतकं भरीव होतं. पांढऱ्या कापडातसुद्धा निळसर छटा आहेत, म्हणून शेजारचा लाल आणखी पेटतो.

एक करून बघा. चित्र पडद्यावर मोठं करा, मधलं कापड तळहाताने झाका आणि फक्त टेबलाच्या दोन कडा पाहा. मग हात काढा. ती मोडलेली रेष आधी तुम्हाला किती खटकली होती? तरीही चूकच वाटली, तर पुन्हा लिहा. बाटलीवरून भांडण अजून बाकी आहे.