भिंतीला विचारा

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आम्हा छात्राध्यापकांच्या कपाळी २० आठवडे शाळेत काढणं आलं. मला दारव्हा तालुक्यातली एक शाळा मिळाली. वर्ग सहावी, विषय इंग्रजी. राज्यात इंग्रजी २००० सालीच पहिलीत पोचलंय, म्हणजे या पोरांच्या जन्माआधी. तरी दर शब्दाला पोरं माझ्या तोंडाकडे बघत.

मुलांनी शैक्षणिक साहित्य स्वतः हाताळावं, असं कॉलेजात घोकून घेतलं होतं. साहित्य होतं की! कुलपात होतं. शब्दकोश डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेले. मुख्याध्यापकांनी पाच प्रती लग्नातले दागिने मोजावेत तशा मोजून दिल्या आणि बजावलं, "पोरायच्या हाती देऊ नका."

मग कोणाच्या हाती देऊ, हे विचारायची माझी छाती झाली नाही. गुपचूप वाटले.

पहिला शब्द सांगितला, नाईफ. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा बोट थुंकीनं ओलं करत 'एन'ची पानं उलटू लागला. दहा मिनिटं झाली. आमची मराठी साधी, बोललं तसं लिहिलं. ज्याला स्पेलिंग येत नाही त्यानं स्पेलिंग शोधायचं कसं, हे शब्दकोश छापणाऱ्यांनाच ठाऊक. शेवटी मी 'के' काढून दाखवला.

"मंग हा 'के' बोलत काहून नाही जी?"

"तो सायलेंट असतो."

"म्हंजे आमच्या मोठ्या जवायासारखा. पयला पाट त्याचा, अन् तोंडातून शबुद नाही."

इतकं नेमकं मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं.

मग शब्दभिंत केली. कार्डशीटच्या पट्ट्या, ठळक अक्षरं, खाली चित्रं. गोंद संपला म्हणून कणकेची खळ लावली, तर उंदरांनी रात्रीतून 'विंडो' फस्त केली. 'होमवर्क'ला तेही शिवले नाहीत. पुन्हा चिकटवलं, आणि नियम केला: अडलं तर मला विचारायचं नाही, भिंतीला विचारायचं. आठवडाभर रोज घोकून घेतला. कोणी "सर" म्हणून तोंड उघडलं की मी नुसतं भिंतीकडे बोट करायचो. हळूहळू माना आपोआप वळू लागल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाठ निरीक्षणाच्या दिवशी प्राध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसले. माझी छाती धडधडतेय. सरांनी पुढच्या बाकावरच्या पोरीला उभं केलं आणि प्रेमानं विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

पोरगी शांतपणे वळली. भिंतीपाशी गेली. वरच्या ओळीपासून बोट फिरवत एकेक पट्टी वाचू लागली. तिसऱ्या ओळीत मैत्रीण मदतीला आली. दोघींनी मिळून खालपर्यंत शोधलं. मग ती माझ्याकडे बघून रडकुंडीला येत म्हणाली, "सर, अठी नाही हाये जी."

प्राध्यापकांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. पाठ संपल्यावर मी चोरून पाहिलं: 'साहित्याचा वापर – उत्तम.'