२८० चा आकडा आणि बिडाचा ब्लॉक

नव्वदच्या दशकातील जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी सर्वांत टिकाऊ कोणती, हा विषय कोल्हापुरातील गाडीवेड्या मुलांमध्ये निघाला की उत्तर ठरलेले असते: टोयोटा सुप्रा, कारण तिचे इंजिन हजार हॉर्सपॉवर सोसते. हे उत्तर मला मान्य नाही. सुप्रा कमी प्रतीची गाडी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण वाढीव ताकद सोसणे आणि वर्षानुवर्षे टिकणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ते एकच समजले गेल्यामुळे निसान स्कायलाइन जीटी-आर, माझदा आरएक्स-७ आणि विशेषतः होंडा एनएसएक्स या तिच्या प्रतिस्पर्ध्यांवर अन्याय होतो. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्या देशात सहसा आणता येत नसल्याने या गाड्या इथल्या रस्त्यांवर अभावानेच दिसतात, आणि मी स्वतः त्यांपैकी एकही चालवलेली नाही. माझी नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामात झाली, त्यामुळे मी या गाड्यांकडे धातूच्या बाजूने पाहतो.

आधी २८० या आकड्याविषयी बोलले पाहिजे. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपापसांत असा संकेत पाळला की देशांतर्गत विक्रीच्या कोणत्याही गाडीची ताकद २८० मेट्रिक हॉर्सपॉवरपेक्षा जास्त जाहीर करायची नाही. त्यामुळे सुप्रा, जीटी-आर आणि एनएसएक्स या तिन्ही गाड्यांच्या जपानी माहितीपत्रकांत एकच आकडा छापलेला आढळतो. आरएक्स-७ तेवढी २५५ वर सुरू झाली आणि १९९९ मध्ये २८० ला पोहोचली. कागदावर ताकद वाढवता येत नाही म्हटल्यावर कंपन्यांची स्पर्धा इतर गोष्टींत सुरू झाली, आणि दोन इंजिने तर अशी तयार झाली की त्यांच्या धातूची कुवत जाहीर आकड्याच्या खूप पुढे होती. इंजिन जेवढा भार सोसू शकते आणि त्याच्याकडून रोज जेवढा भार मागितला जातो, या दोहोंमधील अंतर हा टिकाऊपणाचा पहिला आधार आहे. पंचगंगेकाठी उसाला पाणी पाजणारी जुनी ऑइल इंजिने याच कारणाने दीर्घकाळ चालली: जाड बीड (ओतीव लोखंड), कमी फेरे आणि कुवतीपेक्षा कितीतरी कमी काम.

सुप्राच्या टू-जेझेड इंजिनात हे अंतर सर्वांत मोठे आहे. सरळ रांगेतले सहा सिलिंडर, २९९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर, फोर्ज केलेला क्रँक (पिस्टनची धाव फिरण्यात बदलणारा दांडा), त्याला सात मेन बेअरिंगे म्हणजे प्रत्येक क्रँकपिनच्या दोन्ही बाजूंना आधार, पिस्टनच्या खालून तेलाची फवारणी, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ठोकळा. बीड ॲल्युमिनियमपेक्षा अडीच पटींहून अधिक जड आहे, हा त्याचा दोष कुणीही सांगेल. पण तापल्यावर ते ॲल्युमिनियमच्या जवळपास निम्मेच प्रसरण पावते, दाबाखाली कमी वाकते, आणि त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने आत जिरतात. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवला तरी बोअर गोल राहणे ही हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधील सील) आणि पिस्टनच्या रिंगा टिकण्याची पहिली अट आहे, आणि ती हा ब्लॉक उत्तम पाळतो. हेच टर्बो इंजिन सुप्राच्या आधी, १९९१ मध्ये, टोयोटाच्या अरिस्टो या चार दरवाजांच्या सेडानमध्ये आले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण सेडानचा ग्राहक रोज सकाळी मुकाट्याने सुरू होणारी गाडी मागतो.

आता त्या हजार हॉर्सपॉवरविषयी. तेवढी ताकद काढायची तर मूळच्या दोन टर्बोंच्या जागी एक मोठा टर्बो येतो, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बदलतात, इंजेक्टर, इंधनपंप, क्लच आणि संगणक बदलतो. मूळचे शिल्लक राहतात ते प्रामुख्याने ब्लॉक, क्रँक आणि हेडचे कास्टिंग. म्हणजे ही स्तुती गाडीची नसून ओतकामाची आहे. ओतकाम करणारा माणूस म्हणून मला तिचा आनंदच होतो, परंतु त्यावरून गाडी किती वर्षे टिकेल हे सिद्ध होत नाही. उलट असे इंजिन किती तासांनी उघडावे लागते, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. शिवाय जपानमधील जीटी शर्यतींत सुप्रा अनेक वर्षे धावली आणि १९९७ चे अजिंक्यपद तिने मिळवले, तेव्हा तिच्यात टू-जेझेड नव्हते, चार सिलिंडरचे थ्री-एस इंजिन होते. टू-जेझेडची कीर्ती ट्यूनिंगच्या गॅरेजमध्ये तयार झाली आहे, सर्किटवर नव्हे.

सर्किटवरची कीर्ती स्कायलाइन जीटी-आरची. १९८९ मध्ये आलेल्या आर-३२ या तिच्या पिढीतील आरबी-२६ इंजिनाची २५६८ सीसी ही क्षमता शर्यतीच्या नियमांतून आली आहे: ग्रुप ए या शर्यतीच्या गटात टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणली जात असे, आणि हा गुणाकार ४५०० सीसीच्या वर्गात बसतो. शर्यतीत पाचशेहून अधिक हॉर्सपॉवर द्यायची म्हणूनच ब्लॉक बिडाचा आणि जाड केला गेला. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत झालेल्या सर्व २९ शर्यती या गाडीने जिंकल्या, आणि ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची मोठी शर्यत १९९१ व १९९२ अशी सलग दोनदा जिंकली. कामगिरीच्या बाबतीत माझे मत तिच्याच बाजूने आहे, कारण गरजेप्रमाणे पुढच्या चाकांकडे ताकद पाठवणारी तिची यंत्रणा ओल्या रस्त्यावर जे करते ते फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या सुप्राला करता येत नाही. करूळ घाटातला जुलैचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही टिकाऊपणात ती सुप्राच्या मागे राहते, आणि त्याला ब्लॉक जबाबदार नाही. आर-३२ च्या सुरुवातीच्या क्रँकवर तेलपंप चालवणारा भाग अरुंद होता. इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांपर्यंत नेले की पंपाचा गिअर तुटण्याचा धोका असे, आणि पंप गेला की बेअरिंगे क्षणात जातात. पुढे तो भाग रुंद करण्यात आला. दुसरा कमकुवत दुवा म्हणजे टर्बोचे सिरॅमिक चक्र. ते हलके असल्याने चटकन वेग घेते, पण दाब वाढवला की तुटते. जपानी बाजारातल्या सुप्रालाही सिरॅमिक चक्रेच होती, निर्यातीच्या सुप्राला पोलादी. धातूच्या माणसाने एवढेच पाहावे की साखळी कुठे तुटते, आणि जीटी-आरमध्ये ती दोन लहान भागांपाशी तुटते.

आरएक्स-७ वर लोक सर्वांत जास्त टीका करतात, आणि ती करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिच्या रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर असलेल्या इंजिनाची, रचना समजून घेतलेली असते. या इंजिनात बिडाच्या पाट्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची घरे बसवून सगळा थर लांब बोल्टांनी आवळलेला असतो. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडवायला रबराच्या रिंगा असतात. त्यातच ज्वलन घराच्या नेहमी एकाच बाजूला होत असल्याने ती बाजू तापलेली आणि समोरची तुलनेने थंड राहते. एकदा पाण्याचे तापमान हाताबाहेर गेले की रबर जाते. इंधन हलक्या प्रतीचे असेल आणि ते अवेळी पेटून आत ठोका बसला तर रोटरच्या टोकावरील ॲपेक्स सील ही पट्टी तडकते. इथे धातूची कुवत आणि मागणी यांत अंतर फारसे नाहीच. पण १३०८ सीसीमधून ही ताकद आणि साधारण १२५० किलो वजन, म्हणजे सुप्रापेक्षा सुमारे अडीचशे किलो कमी, हा हिशेब वळणावर काय देतो हे आकड्यांवरूनही कळते. आणि हीच गाडी बाथर्स्टच्या बारा तासांच्या शर्यतीत १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे पहिली आली आहे. उत्पादनातील गाड्यांची ती शर्यत होती. म्हणजे तापमान, तेल आणि इंधन सांभाळणारा जाणकार मेकॅनिक असेल तर ती टिकते. निष्काळजीपणा मात्र ती माफ करत नाही. ज्याला दर काही दिवसांनी तेलाची पातळी पाहण्याची सवय नाही, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मित्सुबिशी जीटीओ आणि निसान ३००झेडएक्स यांचा उल्लेख करून पुढे जातो. पहिलीत चारही चाकांना ताकद, चारही चाकांचे स्टिअरिंग आणि हलणारे पंख असे सगळे भरले, आणि वजन १७०० किलोपर्यंत गेले; दुसरीच्या बॉनेटखाली हात घालायलाही जागा नाही, त्यामुळे लहान दुरुस्ती मोठी होते.

राहिली एनएसएक्स, आणि माझ्या मते टिकाऊपणाचा मान तिचा आहे. १९९० मध्ये विक्रीला आलेल्या या गाडीचा सांगाडा आणि बॉडी संपूर्ण ॲल्युमिनियमची, इंजिनाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, तोही ८००० फेऱ्यांपर्यंत जाणारा. बिडाच्या बाजूने एवढे बोलल्यानंतर मी हिची निवड करतो हे विसंगत वाटेल, पण कारण स्पष्ट आहे. तिला टर्बो नाही. टर्बोबरोबर येणारी प्रचंड उष्णता, तिने कडक होणाऱ्या नळ्या, तेलावरचा ताण, हे सगळे मुळातच टळले आहे. फेरे जास्त म्हणून कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले, म्हणजे फिरणारे वजन कमी करून बेअरिंगवरचा भार घटवला. सुप्रात भाग जाड करून जे साधले ते इथे भार हलका करून साधले आहे. सुरुवातीच्या काही गिअरबॉक्समधील स्नॅप रिंगचा (भाग जागेवर धरणाऱ्या कडीचा) दोष आणि वयोमानाने निकामी होणारे इलेक्ट्रॉनिक भाग सोडले, तर वेळेवर टायमिंग बेल्ट आणि तेल बदलण्यापलीकडे ती फारसे मागत नाही. त्याच काळातल्या फेरारी एफ-३५५ चा बेल्ट बदलायला संपूर्ण इंजिन उतरवावे लागे, हे लक्षात घेतले की होंडाने काय केले ते समजते.

आज या गाड्या पंचविशी-तिशी ओलांडून गेल्या आहेत, आणि आता प्रश्न ब्लॉकचा नसून रबर, प्लास्टिक आणि वायरिंगचा आहे. होंडाने जपानमध्ये १९९३ पासूनच एनएसएक्स कारखान्यात परत घेऊन नव्यासारखी करून देण्याची सोय ठेवली. निसानने २०१७ मध्ये आर-३२ चे जुने भाग पुन्हा उपलब्ध करायला सुरुवात केली आणि टोयोटाने सुप्रासाठी तेच २०२० मध्ये केले. गाडी बाजारात आल्यावर तीनच वर्षांत तिच्या म्हातारपणाची तजवीज करणारी कंपनी आणि गाडीचे उत्पादन बंद पडून अठरा-तेवीस वर्षांनी जागी झालेल्या कंपन्या, यांतला फरक मला टिकाऊपणाच्या तुलनेत धरलाच पाहिजे असे वाटते. सुप्राची बाजू घेणाऱ्यांनी खाली अवश्य लिहावे, फक्त मूळ इंजिनाच्या, काहीही न बदललेल्या गाडीविषयी लिहावे.