जामीनदार आपोआप सुटत नाही, तो मेसेज थांबवा

परळ-लालबागच्या ग्रुपांवर फिरतंय की कर्जदार दिवाळखोरीत सुटला की जामीनदारपण मोकळा, कलम 134 बघा म्हणे. कलम खरंय, 1872 च्या करार कायद्यातलंच, पण ते लागतं बँकेने स्वतः करार करून कर्जदाराला सोडलं तर. दिवाळखोरीत तो कायद्याने सुटतो, बँकेच्या मर्जीने नाही, आणि सुप्रीम कोर्टाने मे 2021 मध्ये ललितकुमार जैन केसमध्ये हेच सांगितलंय, कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन (म्हणजे दिवाळखोरीत तिची कर्जं मिटवायची योजना) मंजूर झाला म्हणून पर्सनल गॅरंटी देणारा आपोआप सुटत नाही. पतपेढीत मित्रासाठी सही केलेले आपल्यात कितीतरी आहेत, ते तो मेसेज वाचून नोटीस आली तरी गप्प बसतील ना! प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा आणि गॅरंटीचा कागद वकिलाला दाखवा.