किम ऱ्होडची सहा पदकं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेची नेमबाज किम ऱ्होड हिच्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की डबल ट्रॅप काय आणि स्कीट काय (दोन्ही हवेत उडणाऱ्या चकत्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याचे प्रकार), बंदूक तीच, चकती तीच. मग १९९६ ते २०१६ या सलग सहा ऑलिम्पिकमधल्या पदकांचं एवढं कौतुक कशाला?

चकती खरंच तीच, ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमची. काडतुसात छर्रेही दोन्हीकडे जास्तीत जास्त २४ ग्रॅम. साम्य एवढंच.

डबल ट्रॅपमध्ये नेमबाज दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, आधीच खांद्याला लावून चकती सोडायची हाक देतो. किमच्या काळात दोन्ही चकत्या एकदम सुटायच्या, ठरलेल्या मार्गाने, समोर लांब जाणाऱ्या. पहिली जितकी लवकर फुटेल तितकी दुसरी जवळ सापडते, म्हणून सगळा भर पहिल्या बाराच्या वेगावर. चकती वर चढत असल्यामुळे बंदूकही छर्रे जरा वर टाकेल अशी बसवतात आणि चोक, म्हणजे छर्रे किती पसरतील हे ठरवणारं नळीच्या टोकाचं आकुंचन, घट्ट ठेवतात.

स्कीटमध्ये हीच सवय अंगाशी येते. चकती दिसेपर्यंत दस्ता खाली, जॅकेटवरच्या खुणेच्या पट्टीपाशी. हाक दिल्यावर ती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही. अंतर कमी, म्हणून चोक मोकळा. नेमबाज अर्धवर्तुळातल्या ठरलेल्या जागांवरून बार टाकतो; त्यातल्या मधल्या, चौथ्या जागेवर चकती जवळजवळ काटकोनात आडवी जाते, बार तिच्या बराच पुढे टाकावा लागतो. ट्रॅपमधून आलेला नेमबाज इथे हमखास चुकतो: चाप ओढताना त्याची बंदूक थांबते आणि छर्रे मागून जातात. किंवा घाईत दस्ता खांद्यावर चढतो, पण गालाला लागत नाही. डोळा वर राहतो, बार चकतीवरून जातो. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. रिकामी बंदूक (दोनदा तपासून), आरसा, आणि रोज हळू दस्ता उचलणं. डोकं खाली आणायचं नाही, दस्ता गालापर्यंत आणायचा. वेगाची घाई केली की जुनी चूक परत येते.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: किमने स्कीट शून्यापासून सुरू केलं नाही. २००४ साली अथेन्सला तिने डबल ट्रॅपचं सुवर्ण घेतलं, तेव्हा स्कीटमध्येही ती पाचवी होती. पण त्यानंतर महिलांचं डबल ट्रॅप ऑलिम्पिकमधून गेलं आणि दोन सुवर्णं, एक कांस्य देणारा प्रकारच तिच्या हातून सुटला. पुढची तिन्ही पदकं स्कीटची. २०१२ साली लंडनला तिने १०० पैकी ९९ चकत्या फोडून सुवर्ण जिंकलं. २००८चं रौप्य आणि २०१६चं कांस्य, दोन्ही शूट-ऑफमधून आली, म्हणजे गुण बरोबरीत असताना, एकही चकती सुटू न देण्याच्या दडपणाखाली.

तुम्ही स्वतः ट्रॅप खेळत असाल तर स्कीटच्या चौथ्या जागेवरून, दस्ता खाली ठेवून, २५ चकत्या मारून पाहा. किती बार मागून गेले ते इथे जरूर लिहा.